पंधराशे कागदांमागे एक पूर्वज

घराण्याचा इतिहास शोधणे हे महाराष्ट्रात दीर्घकाळ लेखणीवर जगणाऱ्या कुटुंबांचे काम राहिले. विसाव्या शतकात कुलवृत्तांतांचे जे जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाले, ते प्रामुख्याने अशाच घराण्यांचे. घरात सनदा, निवाडे, दत्तकपत्रे जपलेली असल्यावर वंशवृक्ष उभा करण्यास फारसे सायास पडत नाहीत. नांगर धरणाऱ्या घराला पणजोबांच्या पलीकडचे नाव सहसा ठाऊक नसे, आणि ते ठाऊक नसल्याने काही अडतही नसे. मराठवाड्यात ही स्थिती २०२३ च्या सप्टेंबरात पालटली. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणस्थळी १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आंदोलन भडकले, आणि आठवडाभरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्यांच्या पूर्वजांची निजामकालीन कागदपत्रांत ‘कुणबी’ अशी नोंद आढळेल, त्या मराठा कुटुंबांना तसे प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविणे हे तिचे काम. त्या दिवसापासून नांदेड आणि लातूरच्या तहसील कचेऱ्यांत पणजोबा हा चौकशीचा विषय झाला.

या शोधाकडे आजवर बहुतेकांनी आरक्षणाच्या राजकारणाचे एक प्रकरण म्हणूनच पाहिले. ते स्वाभाविकही आहे. प्रमाणपत्र मिळाले तर मुलाला इतर मागासवर्गातून प्रवेश आणि नोकरी; न मिळाले तर पुन्हा न्यायालय आणि पुन्हा मैदान. परंतु या धावपळीत आणखी एक गोष्ट घडली, तिची दखल फारशी घेतली गेली नाही. मराठवाड्यातील सामान्य शेतकरी कुटुंबांनी प्रथमच आपल्या पूर्वजांचा लेखी माग काढण्याचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रयत्न केला, आणि हा माग कोठे लागतो व कोठे तुटतो हे उघड झाले. तो तुटण्याची कारणे कुटुंबाच्या जातीत कमी आणि राज्यकर्त्यांच्या दप्तरखान्यात अधिक आहेत.

प्रथम आकडा पाहावा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस समितीचा पहिला अहवाल आला तेव्हा मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून झाले होते आणि कुणबी नोंदी सापडल्या होत्या सुमारे साडेअकरा हजार. म्हणजे सरासरी पंधराशे कागदांमागे एक. पुढे शोध वाढला, समितीचे कार्यक्षेत्र राज्यभर विस्तारले, राज्यातील नोंदींची संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली. त्यांत मराठवाड्याचा वाटा काही हजारांचाच राहिला. मराठवाड्यातही बीडमध्ये नोंदी सर्वाधिक निघाल्या आणि लातूर तळाशी राहिला. शेजारच्या दोन जिल्ह्यांत शेती तीच, सोयरीक तीच, आडनावे तीच. मग नोंदींत एवढे अंतर का, हा प्रश्न लातूरच्या माणसाने विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

उत्तराचा एक भाग नकाशात आहे. आज ज्याला लातूर जिल्हा म्हणतात, तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, आणि तो उस्मानाबाद जिल्हा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. एवढ्यावर हे संपत नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्याकडे गेले आणि हे तालुके मुंबई राज्यात आले. माणसे आणि जमिनी नव्या जिल्ह्यात आल्या. त्यांच्याबरोबर जुने दप्तर पूर्णपणे आले असेलच असे नाही. उदगीरच्या कुटुंबाचा खापरपणजोबा ज्या कचेरीत शेतसारा भरत होता, ती कचेरी आज दुसऱ्या राज्यात आहे.

नांदेडची गत याहून गुंतागुंतीची. किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ हे आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ साली इकडे आले. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे नांदेडमधून निघून आंध्र प्रदेशात गेली. आता ती तेलंगणात आहेत. त्या पट्ट्यात मराठी घरे तेव्हाही होती आणि आजही आहेत. देगलूरच्या घरातील लेक जुक्कलला दिलेली असते आणि बिचकुंद्याची सून इकडे आलेली असते. अशा घरांचा वंशवृक्ष काढायचा झाला तर त्याच्या फांद्या दोन राज्यांत आणि मुळे हैदराबादेत, अशी स्थिती होते. न्यायमूर्ती शिंदे समितीला निजामकालीन कागदांसाठी हैदराबाद गाठावे लागले ते यामुळेच. तार्नाका येथील राज्य पुराभिलेखागारात पूर्वीच्या हैदराबाद संस्थानचे दप्तर आहे. मराठवाडा त्या संस्थानचा मोठा हिस्सा असूनही मराठवाड्याच्या वाट्याला त्या दप्तराच्या प्रती पुरेशा आल्या नाहीत, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पंचाहत्तर वर्षांत त्या आणण्याची निकडही कोणाला भासली नाही.

दुसरा भाग आहे जहागिरींचा. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून संस्थानात महसुली शिस्त आणली. पण ती शिस्त सर्व जमिनीला लागू नव्हती. ढोबळमानाने संस्थानचा साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे थेट सरकारी अमलाखालचा. दहा टक्क्यांच्या आसपास ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. आणि उरलेला जवळपास तिसरा हिस्सा जहागिरदार, पायगा आणि संस्थानिकांचा. दिवाणी गावाचे कागद तालुक्याच्या कचेरीत जात. जहागिरीच्या गावाचे कागद जहागिरदाराच्या कारकुनाकडे राहत. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या तेव्हा जमीन सरकारकडे आली. प्रत्येक जहागिरदाराचे दप्तरही तशाच काळजीने ताब्यात घेतले गेले असते तर आज अनेकांचे हेलपाटे वाचले असते. पणजोबा दिवाणी गावात नांदत होता की जहागिरीच्या, हा योगायोग पणतूच्या शिक्षणाचा निर्णय करतो आहे.

बरे, कागद हाती आला म्हणजे काम झाले असेही नाही. संस्थानची राजभाषा १८८४ पर्यंत फारसी होती, नंतर उर्दू झाली. गावचा पटवारी मात्र मराठीतच आणि मोडीतच लिहीत असे. त्यामुळे एकाच शेताची नोंद गावात मोडी, वरच्या कचेरीत उर्दू आणि त्याआधीच्या पिढीत फारसी अशी तीन वेषांत भेटते. उर्दू नोंद छापील पुस्तकासारखी सुवाच्य नसते. ती शिकस्ता वळणात, अक्षरे मोडून, नुक्ते गाळून घाईघाईने लिहिलेली असते. रकमा सियाक पद्धतीच्या सांकेतिक चिन्हांत. वर्ष फसली सनाचे, महिने आजूर, दै, बहमन, तीर असे इराणी. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन साधारण निघतो. १३०० फसली म्हणजे १८९०-९१. हा हिशेब एके काळी मराठवाड्यातील प्रत्येक वयस्क शेतकऱ्याला तोंडपाठ होता. आज तो सांगणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

येथे इतिहासाचा एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उर्दू ही पराभूत राजवटीची भाषा ठरली. शाळांतून ती मागे पडली, कचेऱ्यांतून तर गेलीच. त्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील मुस्लिम वस्तीला सर्वाधिक झळ बसल्याचे पंडित सुंदरलाल समितीने नमूद केले आहे. म्हणजे आजचे लातूर आणि नांदेड दोन्ही त्यात येतात. पाऊण शतकानंतर त्याच जिल्ह्यांत मराठा कुटुंबाचा पणजोबा सापडावा म्हणून उर्दू व फारसीचे जाणकार शोधण्याची वेळ शासनावर आली. राजवट टाकून देताना तिच्या कागदांची किल्लीही टाकून दिली गेली, आणि त्या कागदांत आपलीच माणसे नोंदलेली आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वाचता आल्यावर पुढची अडचण नावाची. निजामी कागदांत आडनाव क्वचितच असते. ‘मारुती वल्द गणपती’ एवढेच. वल्द म्हणजे अमुकचा मुलगा. मराठवाड्यात नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकाच घरात ‘मारुती वल्द गणपती’ आणि ‘गणपती वल्द मारुती’ आलटूनपालटून येत राहतात. दोन कागदांत चाळीस वर्षांचे अंतर असेल तर हा मारुती तोच की त्याचा नातू, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. एका गावात मारुती वल्द गणपती तीन असू शकतात. मग शेताचा सर्व्हे नंबर, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचे नाव, विहिरीतला हिस्सा अशा आडवळणाने ओळख पटवावी लागते. घराण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही. तहसील कचेरीला मात्र ती नवी होती. जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्याला मोडी येत नाही, उर्दू येत नाही आणि ज्याच्या घरी दोन खरेदीखतांपलीकडे कागद नाही, त्याने सव्वाशे वर्षांपूर्वीचा गणपती आपलाच हे दाखवायचे. जानेवारी २०२४ मध्ये वंशावळ जुळविण्यास साहाय्य म्हणून तालुका पातळीवर समित्या स्थापन झाल्या, ही त्यातली समंजस गोष्ट. उशिराची, तरी समंजस.

ज्या कागदांत शोध घ्यावयाचा त्यांची शासनाने प्रसृत केलेली यादी वाचण्यासारखी आहे. महसुलाचे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळांची नोंदवही, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. भूमी अभिलेखाचे पक्के बुक आणि शेतवार पत्रक. शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या. निबंधकाकडील खरेदीखते, बटाईपत्रे, दत्तकविधाने, मृत्युपत्रे. वक्फकडील मुन्तखब. उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या व अनुज्ञप्तीच्या वह्या. पोलिसांचे अटक पंचनामे आणि गुन्ह्यांच्या नोंदी. तुरुंगातील कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या. सामान्य माणूस राज्याच्या दृष्टीला केव्हा पडत असे, याची ही जणू जंत्रीच. तो शेतसारा भरी तेव्हा, कर्ज काढी तेव्हा, जमीन विकी तेव्हा, ताडीचा ठेका घेई तेव्हा आणि पकडला जाई तेव्हा. यांपैकी काहीच न करता जो गुमान दुसऱ्याच्या शेतात राबला आणि मेला, त्याचे नाव कोठेही नाही.

म्हणूनच जे सापडते ते केवळ जातीच्या रकान्यापुरते पाहणे करंटेपणाचे ठरेल. पाहणी पत्रकात त्या वर्षी शेतात काय उभे होते ते लिहिलेले असते : ज्वारी किती, कापूस किती, करडई व जवस किती, पडीक किती. सलग वर्षांची पत्रके मिळाली तर एका कुटुंबाचे बरे आणि वाईट दिवस त्यांत दिसतात. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्याला कठीण गेला. त्या सुमारास एखाद्या पट्टेदाराचे नाव खोडून सावकाराचे आले असेल, तर घरात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या ‘आपली जमीन गेली’ या कथेला तारीख मिळते. कुळांच्या नोंदवहीत पूर्वज संरक्षित कूळ म्हणून सापडला, तर आज पाटीलकी मिरविणाऱ्या घराला आपण शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या शेतात वाटेकरी होतो हेही कळते. कित्येकांना ते रुचणार नाही. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने मनाजोगता पूर्वजच मिळेल ही अपेक्षा सोडूनच दप्तराला हात घालावा.

‘कुणबी’ हा शब्दच याचे उत्तम उदाहरण. एकोणिसाव्या शतकातील कारकुनाच्या लेखी तो बहुधा शेती कसणाऱ्याचा वाचक होता. जात आणि धंदा यांची सरमिसळ त्यात होती. ज्या घराला देशमुखी वा पाटीलकी होती ते स्वतःला मराठा म्हणवीत, त्यांचेच धाकटे भाऊबंद कुणबी म्हणून नोंदले जात. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मराठा म्हणवून घेण्याची चळवळ जोरात आली आणि एकाच घराच्या आधीच्या पिढीची नोंद कुणबी व पुढच्या पिढीची मराठा झाली. आजोबांनी प्रतिष्ठेसाठी जो शब्द टाकला तोच नातवाला भाकरीसाठी हवा झाला. यात लबाडी कोणाचीच नाही. काळ बदलला एवढेच. परंतु एका भावाच्या मुलाच्या शाळेत मास्तरांनी ‘कुणबी’ लिहिले आणि दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेत ‘मराठा’, एवढ्या फरकावर चुलत घराण्यांचे कायदेशीर स्थान वेगळे व्हावे, हे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत सहज बसत नाही. शासनाने जानेवारी २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारी मसुदा अधिसूचना काढली तिच्या मुळाशी हीच विसंगती होती. तिला इतर मागासवर्गीय संघटनांनी केलेला विरोधही निराधार नव्हता. नाते किती लांबवर ताणायचे याला सीमा नसेल तर वंशावळीला अर्थ उरत नाही.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी जरांगे पाटील मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसले आणि २ सप्टेंबरला शासनाने हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला. तेव्हापासून गावोगाव ‘गॅझेटमध्ये आपले नाव आहे’ अशी समजूत पसरली. ती दुरुस्त होणे आवश्यक आहे. हैदराबाद संस्थानाविषयीची गॅझेटियरे, १८८० च्या दशकातील असोत वा १९०९ साली कलकत्त्याहून निघालेला इम्पीरियल गॅझेटियरचा प्रांतिक खंड असो, ही वर्णनात्मक पुस्तके आहेत. अमुक जिल्ह्यात लोकसंख्या किती, पिके कोणती, शेतकरी वर्गात कोणत्या जातीचे किती लोक, अशी माहिती त्यांत मिळते. व्यक्तीचे नाव त्यांत नाही, कुटुंबाचे नाही. त्या काळच्या शेतकरी समाजाला सरकार कोणत्या नावाने ओळखत होते याचा तो पुरावा आहे. माझा खापरपणजोबा कोण, याचा नव्हे. २ सप्टेंबरच्या निर्णयाने ही दरी भरण्याचा मार्ग काढला तो असा : ज्यांच्याकडे जमिनीचा पुरावा नाही अशा भूधारक, भूमिहीन वा बटईदार व्यक्तीने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यावे, कुळातील वा गावातील ज्या नातलगाकडे कुणबी प्रमाणपत्र आहे त्याने नात्याविषयी प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीने स्थानिक चौकशी करावी. म्हणजे कागद संपतो तेथे गावाची स्मृती साक्षीला येते. या निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिकांवर अंतरिम स्थगिती देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला.

स्मृतीला पुरावा मानणे यात मुळात गैर काही नाही. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक पिढ्यान्पिढ्या यजमान घरांच्या वंशावळी सांभाळीत आले. बैलावर बसून ते सुगीत दारी येत आणि मूळ पुरुषापासून नावे म्हणून दाखवीत. अन्यत्र हे काम भाटांनी केले. पैठण, नाशिक, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजाचे गाव, भाऊ, मुलगे असा तपशील मिळतो. कधी त्याची स्वाक्षरीही. महसुली कागदात जो केवळ सारा भरणारा असतो, तो या वह्यांत बापाचे श्राद्ध करणारा मुलगा म्हणून भेटतो. घराण्याच्या शोधाचा जो खरा लाभ, तो येथे आहे. परंतु जात पडताळणीत महसुली आणि शालेय कागदाला जे वजन आहे ते या वह्यांना नाही. शिवाय गावातील साक्ष ही गावातील बळाबळापासून मुक्त नसते. ज्याच्या शब्दाला मान आहे त्याच्या वंशावळीला साक्षीदार पुष्कळ मिळतात. वेशीबाहेरच्या वस्तीला तसे साक्षीदार कधी मिळाले नाहीत.

या वस्तीची आठवण येथे करून देणे भाग आहे. मराठा समाज आज ज्या खिडक्यांपुढे उभा आहे तेथे अनुसूचित जाती, जमाती आणि भटके विमुक्त फार आधीपासून उभे आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याला गावच नव्हते त्या भटक्याने १९६१ पूर्वीचे गाव कोठून आणायचे? ज्याच्या बापाला शाळेच्या ओसरीवर बसविले, त्याने प्रवेश-निर्गम वहीचा उतारा कोठून द्यायचा? नांदेडच्या पूर्व तालुक्यांतील मन्नेरवारलू कुटुंबांनी जमातीच्या दाव्यासाठी वर्षानुवर्षे पडताळणी समित्या आणि न्यायालये यांच्या फेऱ्या मारल्या. जमातीच्या चालीरीती किती सांगता येतात ही कसोटी अंतिम मानू नये आणि घटनापूर्व काळातील कागदांना अधिक महत्त्व द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे पुन्हा कागदच. बंजारा समाजाने २०२५ मध्ये याच हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीची मागणी पुढे केली. किनवटचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत आहे, आणि किनवट ज्या आदिलाबादेतून आले तेथील त्याचे भाऊबंद तेलंगणात अनुसूचित जमातीत. १९५६ ची एक रेघ येथेही आड आली.

आणि स्त्रिया? वंशावळीच्या तक्त्यात त्यांना जागाच नाही. मूळ पुरुषापासून पुरुषाकडे अशीच ती उतरते. सासरचे नाव आणि कित्येक घरांत लग्नानंतर बदललेले पहिले नाव, यांमुळे पणजीचा माग दोन पिढ्यांतच हरवतो. घरातील प्रत्येक स्त्रीचे आणि मुलाचे नाव लिहिण्याची तजवीज १९५१ च्या राष्ट्रीय नोंदवहीत होती. ती ज्या गावांची शिल्लक असेल तेथे तिचे मोल प्रमाणपत्राच्या पलीकडचे आहे.

सरकारी लाभासाठी पूर्वजांची शोधाशोध जगात अन्यत्रही झाली. १९०८ साली ब्रिटिश संसदेने वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. पात्रतेचे वय सत्तर. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी सुरू झाली होती १८६४ मध्ये, म्हणजे त्या वेळच्या एकाही वृद्धाकडे दाखला नव्हता. मग १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीच्या मूळ याद्यांत अर्जदाराचे बालपणीचे नाव शोधून देण्याची सोय करण्यात आली. हजारो गरीब शेतकऱ्यांनी आईबापांची नावे, भावंडे, गावाचा पत्ता लिहून अर्ज केले. पुढे ३० जून १९२२ रोजी यादवीत डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि त्या शिरगणतीच्या बहुतांश याद्या नष्ट झाल्या. शोधासाठी भरलेले ते अर्ज मात्र दुसरीकडे होते म्हणून राहिले. आज आयरिश वंशाच्या माणसाला दुष्काळपूर्व काळातील आपले घर कित्येकदा त्या अर्जांतूनच भेटते. तुटपुंज्या पेन्शनीसाठी केलेली खटपट एका देशाची स्मृती ठरली.

मराठवाड्यात या क्षणी तसेच काही हाताशी आहे. कोट्यवधी पाने प्रथमच उलगडली गेली, अनेक पानांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या, मोडी आणि उर्दू मजकुराचे लिप्यंतर झाले. परंतु हे सारे ‘कुणबी’ या एका शब्दाच्या शोधात झाले. पंधराशेपैकी जे एक पान कामाचे ठरले त्याची सूची झाली. उरलेली चौदाशे नव्व्याण्णव पुन्हा रुमालात बांधली गेली असतील, तर श्रम आणि पैसा यांचा तो अपव्यय आहे. त्याच पानांत माळी, धनगर, हटकर, लिंगायत, महार, मांग, मुसलमान, कोष्टी अशा सर्वांचे पूर्वज आहेत. गाव, सन आणि नाव एवढ्या तीन गोष्टींची सूची सर्व पानांची केली तर उद्या कोणत्याही समाजाच्या अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून दप्तर उपसावे लागणार नाही. मूळ पानाची प्रतिमा सार्वजनिक झाली की मागाहून वेगळ्या शाईने घुसविलेली नोंद पकडणेही सोपे जाईल. खोट्या नोंदींचा जो संशय इतर मागासवर्गीय नेते व्यक्त करीत आले आहेत त्यावर याहून सरळ उपाय नाही.

यासाठी लागणारी माणसे तयार करावी लागतील. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग अल्प मुदतीचे असतात आणि शिकस्ता उर्दूची तशी व्यवस्था दिसत नाही. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला हा अभ्यासक्रम शोभून दिसेल. ज्यांच्या नावाने ते विद्यापीठ आहे त्यांनी निजामाच्या राजवटीशी आयुष्यभर झुंज दिली, त्या राजवटीचे कागद वाचण्याची विद्या त्यांच्या नावाच्या संस्थेने जतन करण्यात अनौचित्य काही नाही. बीदर आणि आदिलाबादकडील जुन्या तालुक्यांच्या दप्तरांच्या प्रती मिळविण्यासाठी कर्नाटक आणि तेलंगण सरकारांशी रीतसर करार व्हावा लागेल. समितीच्या दौऱ्यांनी ते काम होणार नाही.

घरोघरी जे आहे त्याचीही वेळ फार उरलेली नाही. पाटील-पटवाऱ्यांची वंशपरंपरागत वतने साठीच्या दशकात संपली, तेव्हा कित्येक गावांची दप्तरे त्यांच्या वाड्यांच्या माळवदाखाली तशीच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा-निलंगा भागातील माती-दगडाचे वाडे बसले, त्यांत माणसांबरोबर देवळ्यांतले आणि संदुकींतले कागदही गेले. पुनर्वसित गावांत सरकारने घरे बांधून दिली, सातबारे नव्याने दिले. १९९३ पूर्वीच्या गावात कोणाचा वाडा कोठे होता, कोणाच्या दारात कोण बसे, हे आता सत्तरी ओलांडलेल्या माणसांनाच सांगता येते.